फणीतून जाणारी गाठ

लोक सुरतेला साड्या आणायला जातात, नाहीतर खायला जातात. मी गेले टाके बघायला. हे ऐकून शेजारच्या देशपांडेवहिनींनी कपाळाला हात लावला. "छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात टाकेच बघितलेत ना हो तुम्ही? पोट भरलं नाही का अजून?" नाही भरलं. कोणाला देव बघायचे असतात, कोणाला डोंगर. मला तो धागा जिथे जन्मतो ती जागा बघायची होती.

अर्थात नुसत्या हौसेसाठी दोन गाड्या बदलून परभणीहून कोणी सुरत गाठत नाही. खरं कारण होतं माझ्या धाकट्या भावाचं बोट.

दत्ता पंचवीस वर्षांपूर्वी सुरतेला गेला आणि यंत्रमागाच्या कारखान्यात चिकटला. त्याचं काम गाठींचं. मागावरचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचं ते भलंमोठं रीळ, संपलं की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडायचा. हजारो धागे, हजारो गाठी, आणि सगळा खेळ उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत. गाठीची शेपटं छाटायला हातात ब्लेड असतं. दीड महिन्यापूर्वी तेच ब्लेड सटकलं आणि तर्जनीच्या बुडाशी तळहातात घुसलं. जवळच्या एका दवाखान्यात चार टाके पडले, पट्टी झाली, आणि घरच्यांनी मला व्हिडिओ कॉलवर हात दाखवला. टाके सुबक होते. मी म्हटलं, "शेवटचं पेर वाकव." ते वाकेना. दत्ता म्हणाला, "सूज हाय अक्का, उतरंल." मी ओरडले, "सूज नाही गाढवा, आतली दोरी तुटलीय! वरचं कातडं शिवलं, आतलं तसंच राहिलं!"

बोट ओढून वाकवणाऱ्या त्या दोरीला आम्ही टेंडन म्हणतो, लोक नस म्हणतात. ती तुटली तर दिवस मोजायचे नसतात. मी फोनवरून इतका धोशा लावला की तिसऱ्या दिवशी तो हाताच्या डॉक्टरकडे गेला, तळहात पुन्हा उघडला गेला, पहिल्यापेक्षा चौपट मोठा, आणि दोरी शिवली गेली. मग सहा आठवडे हात प्लॅस्टिकच्या साच्यात, म्हणजे स्प्लिंटमध्ये. बोट दुसऱ्या हातानं वाकवायचं, स्वतःच्या जोरानं मुळीच नाही. आता शुक्रवारी साचा कायमचा निघणार होता. बोट आपलं आपण वाकलं तर दत्ता पुन्हा बीमवर बसणार, नाही वाकलं तर त्याचं गाठींचं काम संपलं. आणि त्याला पुन्हा कापायला लावणारी मी! म्हणून गेले.

कडोदरा, बुधवार

बारडोलीच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांमागून धूळ खात कडोदऱ्यात उतरले. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, तरी एकही विजेची तार रिकामी नव्हती. फाटके पतंग आणि मांज्याचे गुंते सगळीकडे लोंबत होते. आमच्याकडे संक्रांत म्हणजे वाण आणि तिळगूळ, इथे सगळं गाव गच्चीवर.

दत्ता दारातच उभा होता. हात साच्यात, तोंड फुगलेलं.

"कामून आलीस? मी काय लहान लेकरू हाय का?"

"तुझ्यासाठी नाही आले. टाक्यांचा कारखाना बघायला आले."

ते तसं खरंही होतं. माझी भाची पूजा, म्हणजे दत्ताची मुलगी, गेल्या वर्षापासून टाक्यांचा धागा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. सुईला धागा जोडायचं काम. बाप धाग्याला धागा जोडतो, लेक सुईला धागा जोडते, आणि आत्यानं जन्मभर तो डॉक्टरांच्या हातात दिला. आमचं घराणंच सुतावरचं.

नाश्त्याला पूजानं लोचो आणला. हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला ऐवज, ढोकळा करायला गेलं आणि फसलं असा दिसणारा, वरून तेल, शेव, कांदा. "लोचा झाला" हे आपण रडत म्हणतो, इथे लोक तो बशीत घेऊन दुसऱ्यांदा मागतात. मीही मागितला. "सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण" म्हणतात. त्यातलं पहिलं तर साधलं.

दुपारी दत्ता मला त्याच्या कारखान्यात घेऊन गेला. तोंड फुगलेलंच, पण दाखवायची हौस लपत नव्हती. आत मागांचा असा खडखडाट की कानात बोटं घालावीत. एका बंद मागापाशी त्यानं मला बसवलं आणि डाव्या हातानं दाखवलं: हा धागा, हा धागा, एक वेढा, आतून काढ, ओढ. छत्तीस वर्षं मी गाठी बघितल्या, कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना बांधायला शिकवल्या. म्हटलं, ही तर डाव्या हातचा मळ! बांधली. सुरगाठ नव्हे, चांगली घट्ट निरगाठ. दत्तानं धागा पुढे ओढला आणि माझी गाठ फणीत अडकली. धागा तटकन तुटला.

फणी म्हणजे मागाच्या मधोमध असलेली पोलादी दात्यांची चौकट. प्रत्येक धागा तिच्या दोन दातांमधून पुढे सरकतो.

"तुज्या पर्समंदी असती तसलीच फणी," दत्ता माझ्या कानाशी ओरडला. "तिच्यातून न्हाई गेली तर ती गाठ काय कामाची? घट तर सगळेच बांधत्यात. बारीक बांधाया पाहिजे. फुगली तुजी."

गाठ फुगली हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. राग आला, पण गंमतही वाटली. आमच्याकडे गाठीची एकच परीक्षा, सुटता कामा नये. इथे ती प्रवासाला निघते.

गुरुवार: दहा हजार लिटर

पूजा पहाटेच्या पाळीला पुढे गेली होती. तिच्या सुपरवायझरबाईंनी, नयनाबेननी, मला दहा वाजता बोलावलं होतं. मी ऐटीत रिक्षा केली आणि माझ्या ठेवणीतल्या हिंदीत म्हटलं, "भैया, टाँका बनाने का कारखाना."

"टांकानुं? हा हा, बेसो ने माशी!"

रिक्षा सुसाट निघाली आणि थांबली ती एका मोकळ्या आवारात. समोर डोंगर होता, काळ्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचा. एक सद्गृहस्थ लगबगीनं खुर्ची घेऊन आले.

"आवो माशी. कई साइज जोईए?"

मला वाटलं, कारखान्याचं हे पुढचं अंगण असेल. म्हटलं, "मैं तो सब देखूँगी. पर फोर-झीरो जरूर दिखाना."

आता, टाक्याच्या धाग्याचा हिशोब उलटा असतो. शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. फोर-झीरो म्हणजे चेहऱ्यावर घालावा असा नाजूक. त्या गृहस्थांचे डोळे मात्र विस्फारले.

"चार मींडां? चार शून्य? दस हजार लिटर! सोसायटी माटे?"

"लिटर?" मी म्हटलं. "अरे, मुझे तो और बारीक चाहिए. सिक्स-झीरो!"

ते खुर्चीवर बसलेच. मग रिक्षावाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं हनुवटी वर करून जुना व्रण दाखवला. "आ टांको? सीवे ते?" "वही वही!" मी उड्या मारायची बाकी होते. गुजरातीत टांको म्हणजे टाकाही आणि पाण्याचं टाकंही, हे मला कोण सांगणार! टाकीवाल्यांनी पोट धरून हसत चहा पाजला, आणि "ऑपरेशनमां पाणी लागे तो आवजो" असं म्हणून निरोप दिला.

खऱ्या कारखान्यात डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायात कापडी मोजे. ते चढवताना मला भरूनच आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी माझ्या गणवेशात होते.

पहिल्या खोलीत धागा विणायची यंत्रं. बारक्या बारक्या रिळांचा गोल, प्रत्येक रीळ दुसऱ्याला वळसा घालून पुढे पळतंय, आणि मधून वर चढतोय केसाएवढा पीळ. मी ओरडले, "अगं, हा तर गोफ!" नयनाबेन हसल्या. "गोफ अमारे त्यां पण रमे, बेन." आपल्याकडे पोरी गोफ विणतात तोच फेर इथे यंत्र धरत होतं, आणि त्यातून रेशमाचा टाक्याचा धागा निघत होता.

मी नोकरीला लागले तेव्हा रेशीम रिळावर यायचं. आम्ही ते तुकडे करून वाफेत शिजवायचो. सुईला नेढं असायचं, शिवणाच्या सुईसारखं. अर्धं ऑपरेशन माझं दोरा ओवण्यात जायचं. नेढ्यातून दोरा दुहेरी जातो, म्हणून मांसातलं भोकही मोठं पडायचं. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून पुन्हा वापरायच्या. कॅटगट, म्हणजे पोटातल्या टाक्यांचा धागा, यायचं काचेच्या नळीत, स्पिरिटमध्ये बुडवलेलं; नळी गॉजमध्ये धरून कट्टकन मोडायची. नाव मांजराचं, माल मेंढीच्या नाहीतर गुरांच्या आतड्याचा. एखादा माळकरी म्हातारा "पोटात काय घातलं बाई?" असं विचारायचा, आणि डॉक्टर हळूच माझ्याकडे बोट दाखवून सटकायचे. मी सांगायचे, "विरघळून जातं बाबा, राहत नाही." तेवढं तरी खोटं नव्हतं. मग जांभळा धागा आला, पूर्ण कृत्रिम, अंगातल्या ओलाव्यानं आपोआप विरणारा. आणि बिननेढ्याची सुई आली, धागा शेपटीतच बसवलेला. ती पहिल्यांदा हातात घेतली त्या दिवशी मी घरी येऊन गोड केलं होतं.

ती सुई कशी होते ते आता डोळ्यांनी बघत होते. सुईच्या शेपटीत भिंगाशिवाय दिसणार नाही असं भोक. पूजा भिंगाखाली डोळे लावून बसलेली. कडक केलेलं धाग्याचं टोक भोकात घातलं, पायानं पट्टी दाबली, शेपूट चिमटली गेली, धागा पक्का. मग ओढून परीक्षा. मग पुढची. पापणी लवेपर्यंत एक. तिचे हात बघताना मला दत्ताची आठवण झाली.

नयनाबेन म्हणाल्या, "सिस्टर, तमे गांठ मारीने बतावो ने." त्यांनी सरावाची रबरी गादी पुढे केली आणि निळ्या, गुळगुळीत, एकपदरी धाग्याची सुई हातात दिली. सगळ्या मुली मान वर करून बघायला लागल्या. मी टाका घेतला, तीन फेऱ्यांची गाठ मारली, टोकं कापली आणि हात झटकले. सगळ्यांच्या देखत ती गाठ हळूहळू उलगडली.

पूजा धावत आली. "आत्या, टेन्शन नको घेऊ ना! हा एकदम लिसो, गुळगुळीत धागा आहे. रेशमाला तीन फेरे चालतात, ह्याला जास्त जोईए. नाहीतर सरकून जाते."

माझ्या काळच्या डॉक्टरांना तो धागा कसा बांधायचा ते ठाऊक होतं; मी नुसता हातात द्यायचे. बोटं मात्र माझी रेशमातच अडकलेली. हसून साजरं केलं, पण मनात एकच आलं: दत्ताच्या बोटात हाच निळा धागा आहे. तो विरघळणारा नव्हे, जन्मभर आत राहणारा. तिथली गाठ किती फेऱ्यांची असेल? जास्त फेरे घातले तर गाठ फुगणार, कमी घातले तर सुटणार. कालपासून हसत शिकलेले दोन धडे एकमेकांवर येऊन आदळले.

संध्याकाळी तापीच्या पुलापलीकडे पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा. आपण तो शेतात, शेणीच्या आरावर भाजून, शेंगदाण्याच्या चटणीशी खातो. हे लोक मंडपात बसून लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या घालून खातात. हुरड्यात साखरेच्या गोळ्या! पण खाल्ल्यावर मी चटणीचं नाव काढलं नाही. दत्ताला पूजा भरवत होती. डाव्या हातानं त्याचे दाणे सांडत होते.

"इथं हुरडा खाताना तुला बोलायचं नव्हतं," तो अचानक म्हणाला. "पण अक्का, चार टाक्यांत भागलं होतं माजं. तू फोनवरून हुकूम सोडला आन् पुन्ना सगळा हात फाडला. दीड महिना बसून हाय. उद्या न्हाई वाकलं तर?"

मी "तर माझी चूक," एवढंच म्हटलं. त्यानं मान हलवली आणि पोंकाचा द्रोण माझ्याकडे सरकवला. तो समजूत घालत होता की विषय संपवत होता, कोण जाणे.

शुक्रवार

हाताच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. निम्मे लोक मांज्यानं कापलेले. दोऱ्यानं कापलेलं दोऱ्यानंच शिवायचं, असा या गावाचा जानेवारी. डॉक्टरबाई तरुण, बारीक, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी साचा काढला. तळहातावर नागमोडी व्रण होता. सरळ कापलं असतं तर व्रण आकसून बोट ओढलं गेलं असतं, म्हणून ती नागमोडी. काम बघताक्षणी मला कळलं की बाईंचा हात चांगला आहे. मी गाठीबद्दल विचारणार तेवढ्यात दत्ताच बोलला.

"मॅडम, एक पूछूँ? अंदर की गाँठ मोटी तो नहीं? फणी में अटकेगी."

बाईंना फणी कळेना. दत्तानं डाव्या हाताची बोटं उभी धरून फणी दाखवली, मग त्याच हातानं उजव्या तर्जनीवरून सरकणारा धागा दाखवला. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आपको किसने बताया? बराबर यही डर होता है!" मग त्यांनी सांगितलं. बोटात आडव्या कड्या असतात, दोरी त्यांच्याखालून सरकते. दोरीतून चार पदर ओवलेत, गाठ दोरीच्या पोटात दाबून ठेवलीय, आणि वरून केसासारख्या धाग्यानं कडेनं गोल शिवून जोड गुळगुळीत केलाय. टेबलावरच बोट वाकवून, ती कडीखालून जाते हे बघूनच त्यांनी कातडं मिटवलं होतं.

मी गाठ बाहेर कशी मावेल याचा घोर करत होते, आणि ती आतच लपवलेली! हे मला कालपासून सुचलं नव्हतं. माझ्या भावानं निदान माझ्याआधी विचारलं तरी.

"चलो," बाई म्हणाल्या. त्यांनी तर्जनीचं मधलं पेर चिमटीत धरलं. "बस आगे का सिरा मोड़ो."

टोक हललं नाही.

दत्ता बोटाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. कपाळावर घाम. "जोर मत लगाओ," बाई म्हणाल्या. "जैसे काम पर करते हो, वैसे."

"काम पर धागा रहता है," तो पुटपुटला.

मी पदर पुढे घेतला. पैठणचं माझं सुती लुगडं, पदराला दशा सोडलेल्या. एक दशी उपटली आणि त्याच्या अंगठ्यावर ठेवली. तर्जनी पुढे झुकली आणि शेवटचं पेर वाकून त्या दशीवर टेकलं. अगदी थोडं वाकलं, पण आपलं आपण वाकलं. चिमूट झाली!

मी किंचाळले. खरंच किंचाळले. बाहेरच्या बाकावरचे मांजेवाले दार उघडून बघायला लागले. बाई हसून म्हणाल्या, वजन महिनाभर उचलायचं नाही, पण धागा चालेल.

"दुसरी दे," दत्ता म्हणाला.

मी दुसरी दशी उपटली. त्यानं दोन टोकं जुळवली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा एक वेढा, आतून काढली, ओढली. मग माझ्याकडे हात पसरून म्हणाला, "अक्का, फणी."

पर्समधून माझी डोक्याची फणी काढून दिली. त्यानं दोन दातांमधून दशी ओवली आणि ओढली. गाठ दातांशी आली आणि सरसर पलीकडे गेली.

"गेली," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, "गेली बगं, अक्का!" त्याचे डोळे भरले होते, आणि माझे तर वाहतच होते.

"आता तू बांध," तो म्हणाला.

मी आणखी दोन दशा उपटल्या, जीव एकवटून बारीक गाठ बांधली आणि ओढली. ती दातांत रुतून बसली, मागे येईना की पुढे जाईना. दत्तानं आपल्या त्या वाकत्या बोटानं माझी गाठ चाचपली आणि दीड महिन्यात पहिल्यांदा खो खो हसला.

"अक्का, तू माणसंच शिव. कापड आमच्याकडं सोड."